वेळापत्रकात नसलेला थांबा

शेजारचा मुलगा परवा नवा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. 'काका, गंमत बघा,' म्हणाला. आणि यंत्राच्या माहितीच्या पानावर 'बिल्ड नंबर' म्हणून जो एक निरुपद्रवी आकडा असतो, त्यावर त्याने बोटाने सात वेळा टकटक केली. पडद्यावर अक्षरे उमटली : आता तुम्ही डेव्हलपर झालात! मघापर्यंत नसलेली एक लांबलचक यादी त्याच्यापुढे उघडली. अँड्रॉइडमध्ये ही यादी २०१२ सालापासून अशी आड ठेवलेली आहे. मुलाच्या चेहऱ्यावर अलिबाबाचा आनंद होता. मला मात्र चाळीस वर्षांपूर्वीचे असेच एक दार आठवले. ते उघडल्याबद्दल माझ्या मनात अजून थोडी टोचणी आहे.

मोबाइलमधले हे दार खरे म्हणजे गुप्त नाही. ते बनवणाऱ्यानेच ठेवले आहे आणि आत येणाराचे तो थट्टेने स्वागतही करतो. कुणी चुकून आत शिरू नये, एवढाच त्याचा हेतू. माझ्या तरुणपणीच्या दाराला ना कडी होती ना पाटी; भिंतीचाच एक भाग वाटावा, असे ते होते.

आपल्याकडे गणकयंत्रांचा आरंभ झाला तेव्हा लपवण्याजोगे काही नव्हतेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जे यंत्र घडले, ते १९६० साली पूर्णपणे चालू झाले. १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे बारसे झाले, तेही पंडित नेहरूंच्या हस्ते. त्याच्या स्मृतीत चाळीस बिटांचे २०४८ शब्द मावत. आज हे ऐकून मुले हसतात. पण त्या यंत्राची कुठली आज्ञा काय करते, हे ज्यांनी तारा जोडल्या त्यांनाच विचारता येत होते. करणारा आणि वापरणारा एकाच छताखाली होते.

पुढे सगळे गणकयंत्र नखाएवढ्या चकतीत मावू लागले आणि हे छत दुभंगले. करणारा कॅलिफोर्नियात, वापरणारा डोंबिवलीत. दोघांच्या मध्ये फक्त एक छापील पुस्तिका. इंटेल कंपनीची ८०८० ही चकती १९७४ची. तिला आकड्यांचीच भाषा कळते. आठ बिटांत २५६ आकडे बसतात. त्यांपैकी २४४ आकड्यांना कंपनीने अर्थ दिला आणि १२ रिकामे सोडले. या बारा रिकाम्या घरांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

१९७६ साली या चकतीचे दोन वारस बाजारात आले. एक झायलॉग कंपनीचा झेड-८०. इंटेल सोडून गेलेल्या फेडेरिको फॅगिन यांनी काढलेली ही कंपनी. तिने बारा घरांत नव्या आज्ञा बसवल्या आणि तसे उघडपणे छापले. दुसरा वारस इंटेलचाच ८०८५. त्यानेही बाराच्या बारा घरे भरली. परंतु पुस्तिकेत मात्र दोनच छापली. उरलेल्या दहांबद्दल मौन.

हे मौन खोडसाळपणाचे नव्हते. कंपनीच्याच अभियंत्यांनी १९८० साली आपल्या चकत्यांचा इतिहास लिहिला, त्यात खुलासा आहे. ८०८६ ही नवी चकती घडत होती. ती १९७८ साली आली. जुन्या चकतीची प्रत्येक जाहीर आज्ञा नवीला कुठल्या ना कुठल्या रूपाने निभावून न्यावी लागली असती. तेव्हा काही आज्ञा उपलब्धच करून द्यायच्या नाहीत, असे ठरले. म्हणजे छापील आज्ञा हे वचन असते. दहा आज्ञा सिलिकॉनवर कोरलेल्या होत्या. फक्त त्यांच्याबद्दल वचन दिलेले नव्हते.

पण रिकामे घर दिसले की डोकावणारा माणूस असतोच. डार्मश्टाट येथील वोल्फगांग डेनहार्ट आणि विली सोरेन्सेन यांनी १८ जानेवारी १९७९च्या 'इलेक्ट्रॉनिक्स' नियतकालिकात या दहा आज्ञा जगापुढे मांडल्या. अशा शोधाला फार सामग्री लागत नाही, चिकाटी लागते. रिकामा आकडा स्मृतीत घालायचा, यंत्र एकच पाऊल चालवायचे आणि कुठल्या खणातली किंमत बदलली ते पाहायचे. पुन्हा पुन्हा, वेगवेगळे आकडे देऊन.

आमच्यापर्यंत ही यादी झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून आली. अक्षरे इतकी पुसट की ३ आणि ८ यांत भांडण. मी तेव्हा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात होतो. तारेची वेटोळी गुंडाळणाऱ्या यंत्राला आम्ही ८०८५ बसवला होता. ठरलेल्या वेढ्यांतून झालेले वेढे वजा करायचे आणि शून्य आले की यंत्र थांबवायचे, एवढेच त्याचे काम. सोळा बिटांची ही वजाबाकी पुस्तिकेप्रमाणे करायची तर सहा आज्ञा लागत. पुसट कागदावरची '०८' ही एकच आज्ञा ते काम करी. मी ती वापरली. चालली! त्या दिवशी मला वाटलेला आनंद त्या मुलाच्या आनंदाहून तसूभर कमी नव्हता. आणि तरुण माणसाच्या आनंदात जी एक लबाडी असते तीही होती : त्या आकड्यापुढे मी काही खुलासा लिहिला नाही. ज्याला कळेल त्याला कळेल!

पुढच्या वर्षी मी गणपतीला गावी गेलो असताना ती पाटी जळाली. सहकाऱ्याने हाताशी असलेली झेड-८०ची पाटी बसवली. त्याचे काहीच चुकले नाही. ८०८०च्या आज्ञा झेड-८० पाळतो, हे सर्वश्रुत होते. पण झेड-८०च्या भाषेत '०८'चा अर्थ वजाबाकी नव्हे. एका खणजोडीची दुसरीशी अदलाबदल. शून्य कधी आलेच नाही. रात्रपाळीच्या कामगाराने तार संपल्यावर यंत्र बंद केले, तोवर बरीच वेटोळी वाया गेली होती. झोप लागली असणार, असा ठपका त्याच्यावर आला आणि दोन दिवसांचा पगार कापला गेला.

परत आल्यावर मला दोष सापडायला अर्धा तास लागला. मालकांना सांगायला पूर्ण दिवस. पगार परत मिळाला. तो कामगार माझ्यासारखाच दिव्याचा. संध्याकाळी गाडीत भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, 'साहेब, कागदावर लिहून ठेवलं असतंत, तर नवी पाटी बसवताना कुणीतरी विचारलं असतं.' कंपनीचे मौन मी फोडले होते आणि त्या जागी माझे स्वतःचे मौन बसवले होते. कंपनीच्या मौनाला निदान कारण तरी होते.

त्या काळी जलद गाड्या दिव्याला थांबत नसत. पण वसई आणि पनवेलचे रूळ इथेच फुटतात. तेव्हा सिग्नल लागून गाडी फलाटाजवळ रेंगाळे आणि आम्ही दिवेकर भराभर उड्या टाकून उतरत असू. हा थांबा वेळापत्रकात नव्हता, पण आम्हां सर्वांना पाठ होता. एखाद्या दिवशी सिग्नल हिरवा मिळे आणि उतरायला दारात उभे असलेले आम्ही थेट पुढच्या स्थानकात जाऊन पोचत असू. तक्रार कुणाकडे करणार? न दिलेला थांबा चुकला, अशी तक्रार जगातल्या कुठल्याही स्टेशनमास्तरने ऐकून घेतलेली नाही. जलद गाड्यांचा थांबा दिव्याला २०१६च्या डिसेंबरात मिळाला. तोवर दिवेकरांना फार सोसावे लागले. २ जानेवारी २०१५ला तर संताप रुळांवर उतरला. पण आता गाडी न थांबली तर जाब विचारता येतो, कारण थांबा छापलेला आहे.

मुलाला मी एवढेच सांगितले : 'अरे, आत खुशाल जा. पण काय काय बदललेस ते एका कागदावर लिहून ठेव, आणि तो कागद आईला दाखव. फोन तीही वापरते.' त्याने माझ्याकडे, म्हाताऱ्यांकडे पाहतात तसे पाहिले. मग वही मागितली.