तंतू-पुरावा (न्यायसहायक विज्ञान)

कपडे, गालिचे, पांघरुणे, दोर, वाहनांतील आसने इत्यादींपासून सुटलेल्या तंतूंच्या परीक्षणातून व्यक्ती, वस्तू व स्थळ यांच्यातील संपर्काविषयी मिळणारा पुरावा. दोन पृष्ठभाग एकमेकांना लागले की काही द्रव्य एकीकडून दुसरीकडे जाते, या तत्त्वावर तो आधारलेला आहे. हे तत्त्व एद्‌माँ लोकार (१८७७–१९६६) यांच्या नावाने ओळखले जाते. लोकार यांनी १९१० मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली.

नैसर्गिक तंतू : कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. बोंडात तो नळीसारखा गोल असतो; बोंड उकलल्यावर वाळताना तो चपटा होऊन त्याला पीळ पडतो. मर्सरीकरण केलेल्या सुतात हा पीळ बराचसा नाहीसा होतो. लोकरीवर एकावर एक चढलेले खवले असतात. तुतीच्या रेशमाचा आडवा छेद त्रिकोणी व कोपरे बोथट असतात. टसरचा छेद पाचरीसारखा असून त्याच्या लांबीवर बारीक रेघा दिसतात. अळशी व भांग यांचे तंतू दिसायला सारखे असले, तरी ध्रुवित प्रकाशातील हर्झोग परीक्षेने वेगळे ओळखता येतात. पांढरा कापूस व निळे डेनिम सर्वत्र आढळत असल्याने तुलनेसाठी त्यांना फारसे मूल्य नसते.

कृत्रिम तंतू : व्हिस्कोज रेयॉनचा छेद दंतुर असतो. पॉलिएस्टर, नायलॉन व ॲक्रिलिक यांच्यातील फरक द्विप्रणमनावरून तत्काळ कळतो : पॉलिएस्टरमध्ये ते सु. ०·१७, नायलॉनमध्ये सु. ०·०६, तर ॲक्रिलिकमध्ये जवळजवळ शून्य असते. नायलॉन-६ सु. २२०° से. ला, तर नायलॉन-६,६ सु. २६०° से. ला वितळते. छेदाचा आकार (गोल, त्रिपाळी इ.) आणि चकाकी कमी करण्यासाठी घातलेल्या टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या कणांचे प्रमाण कारखान्यातच ठरते. त्यामुळे उत्पादकापर्यंत माग काढताना या दोन खुणा सर्वांत उपयोगी पडतात.

स्थानांतर व टिकाव : पाउंड्स व स्मॉलडन यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगांत (१९७५) वापरात असलेल्या कपड्यावर आलेल्या तंतूंपैकी बहुतांश पहिल्या काही तासांतच गळून पडल्याचे आढळले. म्हणून संशयिताचे कपडे लवकर ताब्यात घेणे महत्त्वाचे असते. ते मृताच्या कपड्यांसोबत एकाच पिशवीत वा एकाच टेबलावर ठेवले, तर पुरावा निरुपयोगी होतो. नंतरचे कोणतेही उपकरण ही हानी भरून काढू शकत नाही.

परीक्षण : पारदर्शक चिकटपट्टीने तंतू उचलण्याची पद्धत झुरिक येथील माक्स फ्राय-झुल्ट्सर यांनी १९५१ मध्ये मांडली. त्यानंतरचा क्रम असा : तुलना सूक्ष्मदर्शक, ध्रुवित प्रकाश, अनुस्फुरण, रंगासाठी सूक्ष्मवर्णपटमापन, बहुवारिकासाठी अवरक्त वर्णपट आणि शेवटी, नमुना पुरेसा असल्यास, रंजकाचे वर्णलेखन. नमुना नष्ट न करणाऱ्या परीक्षा आधी कराव्यात.

अटलांटा खटला : १९७९–८१ मध्ये अटलांटा (अमेरिका) येथे अनेक कृष्णवर्णीय मुले व तरुण यांच्या हत्या झाल्या. बऱ्याच मृतदेहांवर पिवळसर हिरवे, असमान त्रिपाळी छेदाचे नायलॉन तंतू सापडले. फेब्रुवारी १९८१ मध्ये तंतूंची बातमी वृत्तपत्रात आली. त्यानंतर, बहुधा तंतू धुऊन जावेत म्हणून, मृतदेह नदीत टाकलेले सापडू लागले. २२ मे १९८१ च्या पहाटे चॅटाहूची नदीच्या पुलावर पहारा देणाऱ्या पोलिसांनी वेन विल्यम्स यास अडविले. त्याच्या घरातील गालिचा याच तंतूचा होता. तंतू ‘वेलमन’ कंपनीचा (१८१बी), तर गालिचा ‘वेस्ट पॉइंट पेपरेल’ कंपनीच्या ‘लक्झेअर’ मालिकेतील ‘इंग्लिश ऑलिव्ह’ रंगाचा होता. तो या तंतूपासून सु. एक वर्षच बनविला गेला. विक्रीच्या नोंदींवरून अटलांटा परिसरातील ७,७९२ घरांपैकी एका घरात तो असण्याची शक्यता काढण्यात आली. हे गणित विक्री दहा राज्यांत समप्रमाणात झाली, अशा गृहीतकांवर उभे होते. वाहनातील गालिचा, चादर, कुत्र्याचे केस यांचाही मेळ दाखविण्यात आला. फेब्रुवारी १९८२ मध्ये दोन प्रौढांच्या हत्यांबद्दल विल्यम्स दोषी ठरला. उरलेल्या हत्यांबाबत त्याच्यावर खटला चालला नाही आणि त्याने गुन्हा नाकारला आहे. २०१९ मध्ये अटलांटा शहराने पुराव्याच्या फेरतपासणीची घोषणा केली.

पुराव्याचे मूल्य : तंतूवरून गट ठरतो, व्यक्ती ठरत नाही. एकाच उत्पादन-खेपेतील हजारो मीटर तंतू तंतोतंत सारखा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००९ च्या अहवालातही ही मर्यादा नमूद आहे. मात्र दुर्मिळ प्रकार, अनेक भिन्न तंतूंचा मेळ किंवा दोन्ही बाजूंनी झालेले स्थानांतर असेल, तर पुरावा बळकट होतो. तुलनेसाठी स्थानिक बाजारातील तंतूंच्या प्रसाराची माहिती लागते. ती नसताना केवळ ‘जुळते’ एवढाच अभिप्राय देणे न्यायाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

भारत : तज्ज्ञांचे मत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली ग्राह्य धरले जाते. महाराष्ट्रात ही तपासणी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमध्ये होते.