बुकमार्क कीवर्ड म्हणजे काय? ॲड्रेस बारमधून थेट हव्या त्या साइटवर शोध कसा घ्याल?

फेसबुकवर अधूनमधून वाद रंगतो: अमुक शब्द अस्सल मराठी की फारसी? निकाल शब्दकोशात असतो. पण आधी सर्च इंजिन, मग जाहिराती, मग कोशाची साइट, मग तिथली शोधचौकट. एवढ्या पायऱ्या चढण्यापेक्षा लोक ऐकीव उत्तर पुढे ढकलून मोकळे होतात. या पायऱ्या वाचवणारी सोय म्हणजे बुकमार्क कीवर्ड.

कीवर्ड म्हणजे साइटला आपण दिलेलं छोटं टोपणनाव. समजा, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला ‘एमडब्ल्यू’ ही दोन इंग्रजी अक्षरं दिली. ॲड्रेस बारमध्ये ती लिहायची, एक जागा सोडून ‘जमीन’ लिहायचं आणि एंटर दाबायचं. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर असलेल्या या कोशाची १८५७ ची आवृत्ती थेट उघडते. फारसीतून आलेल्या शब्दापुढे तिथे इंग्रजी ‘पी’ अशी खूण असते. वाद मिटतो, निदान मिटायला हवा!

ही सोय चालते, कारण बहुतेक साइट्सवर शोध घेतला की आपला शब्द निकालाच्या पानाच्या पत्त्यात उमटतो. त्या शब्दाच्या जागी % आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस लिहिलं, की पत्त्याचा साचा तयार होतो. पुढे तुम्ही जो शब्द लिहाल, तो ब्राउझर त्या जागी बसवतो.

साचा तयार करताना दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. पहिलं म्हणजे मराठी शब्द शोधून पत्ता कॉपी केला, तर शब्दाऐवजी % आणि आकड्यांची लांबलचक माळ हाती येते. म्हणून चाचणीसाठी इंग्रजी अक्षरांतला निरर्थक शब्द टाका. दुसरं, मराठी विकिपीडियावर ‘पुणे’ शोधलंत तर शोधनिकाल न येता सरळ पुण्याचा लेख उघडतो आणि साचा चुकतो. निरर्थक शब्द इथेही कामी येतो.

फायरफॉक्समध्ये असं पान बुकमार्क करा. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबून बुकमार्कची यादी उघडा, तो बुकमार्क निवडा, पत्त्यात वरील बदल करा आणि ‘कीवर्ड’च्या रकान्यात टोपणनाव लिहा. क्रोममध्ये हे बुकमार्कमध्ये नसतं. सेटिंग्जमधल्या ‘सर्च इंजिन’ विभागात ‘साइट सर्च’ आहे, तिथे नाव, शॉर्टकट आणि साचा भरायचा. वापरताना शॉर्टकट लिहून टॅब दाबायचा.

टोपणनाव रोजच्या वापरातला शब्द नसावा. ‘पुणे’ हेच नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलंत, तर पुण्याचं हवामान शोधायला जाल आणि पोहोचाल भलतीकडेच. मात्र टोपणनाव इंग्रजीत आणि शब्द मराठीत असला, की मध्येच कीबोर्ड बदलावा लागतो, हा त्रास आहेच.

ही सोय मुख्यतः कॉम्प्युटरवरची. मोबाईलवर डकडकगो वापरत असाल, तर तिथे ‘बँग’ नावाची तयार यादी मिळते: उद्गारचिन्हाला जोडून इंग्रजीत ‘वायटी’ लिहा, जागा सोडून शब्द लिहा, की शोध यूट्यूबवर जातो. फरक इतकाच, की बँगचा शोध आधी डकडकगोकडे जातो. कीवर्डमध्ये असा मध्यस्थ नसतो.

साइटने पत्त्याची रचना बदलली की कीवर्ड बंद पडतो. मग नवा साचा करायचा.