मुंबई ते लंडन : अंतर तेच, वेळ वेगळा

मुंबई आणि लंडन यांच्यातलं सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ते तसूभरही बदललेलं नाही. पण ते कापायला जिथे आठवडा लागायचा, तिथे आता नऊ-दहा तास पुरतात. याचं सारं श्रेय विमानाच्या वेगाला देऊन आपण मोकळे होतो. या वाटेचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. आपल्या हद्दीतून कोण जाऊ देतं आणि विमानाला किती ठिकाणी उतरावं लागतं, यावरही हा वेळ तितकाच ठरत आला आहे.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली, तेव्हा या प्रवासाला सात दिवस लागत. त्यातही बाझलपासून जिनोव्हापर्यंतचा टप्पा प्रवाशांना चक्क आगगाडीने गाठावा लागे. पुढे इराणच्या किनाऱ्यावरून उडण्याची मुभा उरली नाही, म्हणून १९३२ साली मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्यावर गेला आणि शारजाला मुक्काम पडू लागला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा लंडनहून कराचीला आलेलं टपाल घेऊन पस मॉथ या चिमुकल्या विमानातून जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला विमानाचं इंधन आलं ते डब्यांत भरून, बैलगाडीवर! पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलाने निकामी होई, आणि मग ही टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. विमान कितीही वेगवान असतं, तरी चिखलापुढे त्याचं काही चाललं नसतं.

यावर कुणी म्हणेल, ही सुरुवातीची अडचण झाली. खरी क्रांती जेटने केली. जेटचं मोल मोठंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून निघालेली एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ पाहा. हे कॉन्स्टेलेशन विमान ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाचं होतं. त्या हिशेबाने पंधरा तास पुरायला हवे होते; पण कैरो आणि जिनिव्हा करत ते लंडनला पोचलं १० जूनला. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं, त्याचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास होता. आजची विमानंही साधारण त्याच वेगाने उडतात. म्हणजे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या मार्गावर जो वेळ वाचला, तो मुख्यतः मधले थांबे गळल्यामुळे. त्यामागे आहेत कमी इंधन पिणारी इंजिनं आणि मोठ्या टाक्या.

दुसरा आक्षेप असा, की आता परवानग्यांचा प्रश्न संपला आहे. तो संपलेला नाही. पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे जाताना तोंडावर बसतात आणि येताना पाठीशी राहतात, म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो. हा फरक निसर्गाचा आहे आणि वेळापत्रकात तो धरलेलाच असतो. माणसांनी घातलेल्या बंदीचा अंदाज मात्र कोणत्याही वेळापत्रकात मांडता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली आणि युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला. दिल्लीहून निघणाऱ्यांना तो सर्वांत जास्त जाणवला. ती हद्द १६ जुलै २०१९ रोजी खुली झाली. २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद करण्यात आली.