एका कलमाची जन्मकथा

श्रोतेहो, कायद्याचे कलम आभाळातून पडत नाही. त्याच्या मुळाशी कुठे ना कुठे भांडण असते. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे कलम २९५-अ जन्माला आले ते लाहोरातल्या एका चोपड्यापायी.

१९२४ साली राजपाल नावाच्या आर्यसमाजी प्रकाशकाने 'रंगीला रसूल' हे चोपडे काढले. पैगंबरांच्या गृहजीवनाची त्यात कुचेष्टा होती. लेखकाचे नाव नव्हते. सीतामाईवर निघालेल्या तसल्याच हिणकस पत्रकाला हे उत्तर, असे सांगत. म्हणजे चिखलफेक दोन्हीकडून! गांधीजींनी या चोपड्याचा निषेध केला.

खालच्या कोर्टाने राजपालला शिक्षा दिली; पण १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी त्याला सोडले. लिखाण ओंगळ आहे हे त्यांना मान्यच होते. मात्र तेव्हाचे कलम १५३-अ जमातीजमातींत वैर पेटवण्याविरुद्ध होते; दिवंगत धर्मपुरुषावरची टीका त्यात बसेना. न्यायमूर्तींनी कायदा वाचला, तर लोकांनी त्यांचाच राजीनामा मागितला.

त्याच वर्षी मध्यवर्ती विधिमंडळात नवे कलम आले. इथे जरा थांबू या. इतिहास लिहिणारा, सत्य शोधणारा, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा यात भरडला जाऊ नये, असे जिनांनी चर्चेत बजावले. म्हणून नुसती भावना दुखावली की गुन्हा झाला, असे हे कलम म्हणत नाही. 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' केलेला अपमान लागतो. १९५७ साली सुप्रीम कोर्टानेही याच शब्दांवर बोट ठेवून कलम वैध ठरवले. २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेच्या कलम २९९ मध्येही ते शब्द आहेत. फौजदार फिर्याद लिहून घेताना ते वाचतो की नाही, हा प्रश्न वेगळा.

राजपाल काही वाचला नाही. ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने दुकानात शिरून त्याला भोसकले. इल्मुद्दीनचे अपील जिनांनीच चालवले. ऑक्टोबरअखेर त्याला फाशी झाली. पुढे दोघांनाही हुतात्मे म्हणणारे निघाले.

आता शिक्षकमित्रांनी घरचेच उदाहरण घ्यावे. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी'त मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांची भरपूर टर उडवली. चौपन्न वर्षांनंतरचे हे कलम तेव्हाच असते तर? दुखावलेली मने मोजली असती, तर जोतीराव सरळ तुरुंगात गेले असते. हेतू विचारला असता, तर त्यांचा जबाब तयारच होता; धोंडीबाशी चाललेल्या संवादात तो पानोपानी आहे.