दुष्परिणामविषयक वैद्यकीय चाचण्या : रुग्णांचा सहभाग

उपचारांमुळे होणारा त्रास मोजणे, टाळणे किंवा कमी करणे हा मुख्य हेतू असलेल्या चाचण्या. नव्या औषधाच्या कोणत्याही चाचणीत दुष्परिणामांची नोंद होतेच. येथे मात्र त्रास हाच अभ्यासाचा विषय असतो आणि तपासले जाणारे औषध पुष्कळदा जुने, वापरात रुळलेले असते. केमोथेरपीनंतरच्या उलट्या, केस गळणे, तळहातांची आग, रेडिएशनमुळे तोंड येणे हे यातले नेहमीचे प्रश्न.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ओलान्झापिनची चाचणी हे याचे ठळक उदाहरण. ओलान्झापिन मूळचे मानसिक आजारांवरचे औषध. केमोनंतरची मळमळ त्याने चांगली आटोक्यात येते, पण १० मिलिग्रॅमच्या रूढ मात्रेने अनेकांना दिवसाही गुंगी राहते. उलटी थांबली, तरी माणूस पेंगत पडून राहिला तर त्याच्या पोटात अन्न जाणार कसे? २.५ मिलिग्रॅमने काम भागेल का, हे पाहण्यासाठी २०२१ ते २०२३ या काळात २७५ रुग्णांची नोंदणी झाली. उलट्यांचा धोका सर्वाधिक असलेली केमो घेणारे हे रुग्ण होते. कोणाला कोणती मात्रा मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरले; उलटीवरची नेहमीची तीन औषधे मात्र दोन्ही गटांना मिळाली. नेहमीच्या उपचारातले आपले काही कमी होणार आहे का, हा प्रश्न सहभागी होऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी विचारायला हवा.

पहिल्या १२० तासांत उलटी नाही, जादा औषध नाही, मळमळ नाही किंवा अगदी किरकोळ, असा पूर्ण आराम कमी मात्रेच्या गटात ४५ टक्के आणि रूढ मात्रेच्या गटात ४४ टक्के रुग्णांना मिळाला. दिवसाची गुंगी अनुक्रमे ६५ आणि ९० टक्क्यांना जाणवली. पहिल्या दिवशीची तीव्र गुंगी ५ आणि ४० टक्क्यांना. निष्कर्ष २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. आपल्याला कोणती मात्रा मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते, ही या चाचणीची मर्यादा. गुंगीसारख्या तक्रारीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. तरीही ५ आणि ४० मधले अंतर केवळ त्यावर ढकलता येणार नाही.

दिल्लीच्या एम्समधील चाचणीत ही मर्यादा नव्हती. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे तळहात-तळपाय लाल होतात, आग होते, साल निघते. पेला धरणेही नकोसे होते. तेथे २६४ रुग्णांच्या दोन गटांपैकी एकाला हाताला लावायला १ टक्का डायक्लोफेनॅकचे जेल आणि दुसऱ्याला औषध नसलेले जेल दिले गेले. कोणाकडे कोणते, हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही. मध्यम ते तीव्र त्रास पहिल्या गटात ३.८ टक्के, तर दुसऱ्यात १५ टक्के रुग्णांना झाला. सांधे दुखले की आपण चोळतो ते हेच औषध.

मळमळ किंवा गुंगी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. रुग्णाने दिलेली माहिती हेच येथे मोजमाप, म्हणून त्याच्या हाती बहुधा डायरी दिली जाते : उलटी किती वाजता झाली, किती वेळा, जादा गोळी लागली का, दिवसा झोप किती आली. आपल्याकडे डॉक्टरांपुढे ‘बरं आहे’ म्हणून मोकळे होण्याची सवय खोलवर मुरलेली आहे. तक्रार केली तर डॉक्टर नाराज होतील, उपचार थांबतील, ही भीतीही असते. नोंद घेणाऱ्याने ‘त्रास आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. ‘सकाळी काय खाल्लंत? स्वतःहून उठून बसलात का?’ असे विचारले की खरे उत्तर बाहेर येते. डायरी मुलगा किंवा सून भरत असेल, तर शब्द रुग्णाचेच आहेत ना, हे पाहावे लागते. दडवलेल्या त्रासामुळे वाईट औषध चांगले ठरते आणि ते पुढे हजारोंच्या माथी बसते.

भारतात अशा सहभागाला ‘नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियम, २०१९’ आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यांचा आधार आहे. चाचणी सुरू होण्यापूर्वी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत वैद्यकक्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्तीही असते. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे. त्याला वाचता येत नसेल, तर तटस्थ साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावे लागते. सहीसाठी घाई करणे गैर. कागद घरी नेऊन कुटुंबाशी बोलण्यास वेळ मागणे रास्त. नियमांखालील चाचणीत मृत्यू, जिवाला धोका, अपंगत्व किंवा रुग्णालयात दाखल होण्याची वेळ अशी गंभीर घटना घडल्यास संशोधकाने ती २४ तासांत कळवायची असते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क आहे. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे रुग्णाचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.