एका रात्रीचे अंतर

नागपूरच्या झिरो माइल या दगडी स्तंभावर अंतरे मैलांत कोरली आहेत: हैदराबाद 318, जबलपूर 170, चांदा 125. हा 1907 सालचा हिशेब जमिनीवरच्या प्रवासाचा. सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीने त्याच शहराला अंतराचे दुसरे माप दिले, तासांचे.

30 जानेवारी 1949 पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परते. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात पोचू लागले.

हे नागपूरलाच का जमले? सरळ रेषेत मुंबई इथून सुमारे 680 किलोमीटर, दिल्ली 855, मद्रास 910, कलकत्ता 985. या सेवेचे डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडे, म्हणजे कुठूनही अडीच ते साडेतीन तास. जाऊन-येऊन सारे एका रात्रीत बसे. शिवाय वळसाही जवळपास पडत नसे: मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या दोन्ही सरळ रेषा नागपूरच्या अगदी जवळून जातात.

या सेवेमागे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांचा आग्रह होता. एअर इंडियाचे प्रमुख जे. आर. डी. टाटांचा मात्र विरोध होता. रात्रीच्या उड्डाणांना लागणाऱ्या सोयी पुरेशा नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ही काळजी अनाठायी नव्हती. 12 डिसेंबर 1953 रोजी सोनेगावहून मद्रासकडे झेपावलेले डाकोटा लगेचच कोसळले आणि 13 जणांचा जीव गेला. सकाळच्या पत्रामागे अंधारात उडणाऱ्या वैमानिकांची जोखीम होती. नागपूरच्या इतिहासात त्यांना मानाची जागा मिळायला हवी.

पुढे जेट विमाने आली. मुंबई-कलकत्ता थेट प्रवास अडीच-तीन तासांवर आला आणि मध्ये उतरण्याची गरज संपली. नागपूर नकाशावर तसूभरही हलले नव्हते. विमानाचा वेग आणि पल्ला तेवढे बदलले होते.

एकविसाव्या शतकात नागपूर विमानतळालगतचा मिहान हा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प याच मध्यवर्ती स्थानाच्या भरवशावर उभा राहिला. बोइंगने बांधलेले आणि एअर इंडियाकडे सोपवलेले विमान दुरुस्ती केंद्र तिथे आहे. हा भरवसा मलाही वाटतो, पण त्याला 1949 च्या योजनेसारखे नेमके गणित हवे. कोणता माल, कोणते विमान, किती तास: याचे उत्तर असेल तेव्हाच मध्यावर असणे कामी येते. किडवईंच्या काळी ते उत्तर होते, म्हणून देशाची पत्रे नागपूरमार्गे गेली.