टाकीच्या झाकणातील छिद्र

१/
गवत कापण्याचे यंत्र, जनरेटर, जुनी स्कूटर: पेट्रोलवर चालणाऱ्या अशा प्रत्येक लहान यंत्राच्या टाकीला हवा येण्याजाण्याची वाट ठेवावी लागते. बहुधा ती झाकणातच असते, टाचणीने पाडल्यासारखे एक बारीक छिद्र. या छिद्रातून निसटणाऱ्या वाफेचा शहराच्या हवेशी संबंध आहे, हे शास्त्राला उमगण्यास आणि कायद्याने त्याची दखल घेण्यास कॅलिफोर्नियात सुमारे साठ वर्षे लागली. त्या साठ वर्षांचा हा इतिहास.

२/
मुळात छिद्र कशासाठी? लहान इंजिनात टाकी बहुधा वरच्या बाजूस असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरते. जेवढे पेट्रोल खाली जाते, तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत निर्वात पोकळी होऊ लागते, पेट्रोलचा ओघ मंदावतो आणि इंजिन बंद पडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि इंजिन पुन्हा सुरू होते. छिद्रात धूळ बसलेल्या गाडीचा हा अनुभव जुन्या मेकॅनिकांच्या चांगला परिचयाचा आहे.

३/
परंतु जी वाट हवेला आत येण्याची, तीच वाफेला बाहेर जाण्याची. दिवसा टाकी तापते, पेट्रोलची अधिक वाफ होते, आतला दाब वाढतो आणि वाफ छिद्रातून बाहेर पडते. रात्री टाकी थंड होते व बाहेरची हवा आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यंत्र महिनाभर कोपऱ्यात पडून असले, तरी त्याची टाकी असा रोजचा श्वासोच्छ्वास करीतच राहते. इंजिन बंद असताना होणारे हे प्रदूषण म्हणूनच बराच काळ कोणाच्या लक्षात आले नाही.

४/
वाफेचा एक धोका मात्र आरंभापासून ठाऊक होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. बंद खोलीत ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत किंवा पाणी तापविण्याच्या बंबाच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून यंत्र हवेशीर जागी ठेवावे, अशी सूचना असे. काही जनरेटरांच्या झाकणावर छिद्र उघडण्या-मिटण्याची कळही आली: यंत्र सुरू करताना उघडावी, उचलून नेताना मिटावी. वाफ एकदा मोकळ्या हवेत गेली की प्रश्न संपला, असाच या साऱ्यामागचा समज होता.

५/
त्या समजाला पहिला तडा गेला तो लॉस एंजेलिस शहरात. २६ जुलै १९४३ रोजी तेथे दाट, डोळे झोंबविणारे धुके पसरले. महायुद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायूचा हल्ला केला असावा, अशी शंका काहींना आली. मग संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनविणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवण्यात आला, तरी धुके येतच राहिले. १९४७ मध्ये वायुप्रदूषण नियंत्रणासाठी स्वतंत्र जिल्हा-यंत्रणा स्थापन झाली, परंतु हे धुके नेमके कशाचे, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

६/
उत्तर मिळाले ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाकडून. मूळचे नेदरलँड्सचे आरी हागेन-स्मिट हे पासाडेना येथील कॅल्टेकमध्ये प्राध्यापक होते. फळांचा गंध गोठवून त्याचे घटक वेगळे करण्यासाठी जी उपकरणे त्यांनी वापरली, त्यांतूनच त्यांनी शहराची हवा खेचली. हाती आले ते तपकिरी, उग्र वासाच्या द्रवाचे काही थेंब. पुढे १९५२ मध्ये त्यांनी आपले विवेचन प्रसिद्ध केले: पेट्रोलजन्य हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होते, त्यातून ओझोन बनतो, आणि हे धुके त्याच प्रक्रियेतून उत्पन्न होते.

७/
या निष्कर्षाचा गर्भितार्थ मोठा होता. प्रदूषण म्हणजे केवळ चिमणीतून निघणारा काळा धूर नव्हे. डोळ्यांना न दिसणारी, न जळलेल्या पेट्रोलची वाफही तितकीच दोषी होती. तेलउद्योगाच्या पैशावर संशोधन करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने या मताला विरोध केला. हागेन-स्मिट यांनी मग पूर्ण वेळ याच विषयाला वाहून घेतले. वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्यांना ओझोनमुळे किती लवकर चिरा पडतात, या साध्या प्रयोगानेही ते हवेतील ओझोन मोजत. अखेर त्यांचेच म्हणणे ग्राह्य ठरले. कॅलिफोर्निया वायुसंसाधन मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले.

८/
आता मोटारीच्या टाकीकडे लक्ष वळले. छिद्र बुजविता येत नव्हते. म्हणून त्यातून जाणाऱ्या वाफेची वाट बदलण्यात आली. वाफ नळीवाटे सक्रियित कोळशाने भरलेल्या डब्यात नेली जाऊ लागली. अशा एका ग्रॅम कोळशाच्या सूक्ष्म रंध्रांचे पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर असते; त्याला वाफ चिकटून बसते. इंजिन चालू झाले की ते त्याच डब्यातून ताजी हवा ओढते, वाफ सुटते आणि सिलिंडरमध्ये जळून जाते. जे पेट्रोल हवेत वाया जात होते, तेच पुन्हा कामी येऊ लागले. अशी व्यवस्था कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून आवश्यक झाली.

९/
हा नियम रस्त्यावरील मोटारींपुरताच राहिला. महायुद्धानंतर उपनगरे वाढली, घरापुढे हिरवळ आली आणि घराघरांत गवत कापण्याचे यंत्र पोहोचले. स्वस्त व हलके इंजिन हीच या धंद्याची गुरुकिल्ली होती. अशा यंत्राला कोळशाचा डबा जोडणे म्हणजे किंमत वाढविणे. शिवाय ते वर्षातून थोडे तास चालते, मग त्याचा त्रास तो किती, हा युक्तिवाद सर्वांनाच पटण्याजोगा होता. त्यात एकच गोष्ट सुटत होती: टाकी मात्र वर्षाचे सर्व दिवस श्वासोच्छ्वास करीत असते, आणि अशा टाक्यांची संख्या लाखोंच्या घरात गेली होती.

१०/
मोटारी जसजशा स्वच्छ होत गेल्या, तसतसा उरलेल्या प्रदूषणात लहान इंजिनांचा वाटा ठळक दिसू लागला. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये त्यांच्यासाठी नियम संमत केले. ते १९९५ पासून लागू झाले, परंतु त्यांचा रोख सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूंवर होता. टाकीच्या वाफेचा विचार झाला तो २००३ मध्ये. आता केवळ झाकणातील छिद्र नव्हे, तर टाकीची प्लॅस्टिकची भिंत आणि रबरी नळी यांचीही परीक्षा आली, कारण पेट्रोलचे रेणू त्यांतूनही हळूहळू झिरपतात. झाकणाला छिद्र नसते, तरीही सारी वाफ अडली नसती.

११/
त्याच वर्षी हा प्रश्न अमेरिकी सिनेटमध्ये पोहोचला. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन-कंपनीचे कारखाने मिझुरी राज्यात होते. कडक नियमांमुळे, विशेषतः तापणाऱ्या उत्प्रेरकामुळे, आगीचा धोका वाढेल आणि नोकऱ्या जातील, असे उद्योगाचे म्हणणे होते. मिझुरीचे सिनेटर किट बाँड यांनी नियमांना पायबंद घालण्याचा प्रयत्न केला. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी त्यास विरोध केला. २००४ च्या आरंभी तडजोड कायद्यात उतरली: कॅलिफोर्नियाचा अधिकार अबाधित राहिला, परंतु ५० अश्वशक्तीहून लहान इंजिनांबाबत इतर राज्यांना त्याचे अनुकरण करण्यास मनाई झाली.

१२/
पुढे पर्यावरण संरक्षण संस्थेवर आगीच्या शक्यतेचा अभ्यास करण्याचे काम सोपविण्यात आले. २००६ मधील त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, नव्या मानकांमुळे धोका वाढत नाही. त्यानंतर २००८ मध्ये लहान इंजिनांच्या टाकी व नळीतून निसटणाऱ्या वाफेसाठी प्रथमच राष्ट्रीय मर्यादा आल्या. कॅलिफोर्निया आणखी पुढे गेला. २०२१ मध्ये तेथे झालेल्या कायद्याने बहुतेक नव्या लहान पेट्रोल इंजिनांच्या विक्रीला निरोप देण्याची वाट खुली केली.

१३/
भारतातही क्रम तोच राहिला: आधी मोटारी, मग लहान इंजिने. येथे लहान इंजिन म्हटले की प्रथम दुचाकीच आठवते, आणि पुणे हे तिच्या निर्मितीचे एक मोठे केंद्र. १ एप्रिल २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या दुचाकींना भारत स्टेज-४ लागू झाले. त्यात सायलेन्सरच्या धुराबरोबरच टाकीतून होणाऱ्या बाष्पीभवनालाही मर्यादा घालण्यात आली. अलीकडच्या स्कूटरच्या पोटात लपलेली काळी डबी ही लॉस एंजेलिसच्या त्या धुक्याचीच दूरची देणगी होय.

१४/
या साऱ्या इतिहासात तंत्र कधीच फार मागे नव्हते. कोळशाचा डबा १९७० मध्येच तयार होता. लहान यंत्रांबाबत विलंब झाला तो हिशेबाच्या पद्धतीमुळे. एकेक यंत्र सुटे मोजले तेव्हा ते क्षुल्लक ठरले. शहरातील सर्व यंत्रे एकत्र मोजली तेव्हाच त्यांचा खरा भार कळला. दरम्यानच्या तेहतीस वर्षांत जी वाफ मोकळ्या हवेत गेली, तिची किंमत कोणत्याही यंत्राच्या पावतीवर लिहिलेली नव्हती. ती त्या शहरांत श्वास घेणाऱ्यांनी चुकविली.